चहावरचा कर आणि पडलेलं सरकार

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
पाडव्याच्या आदल्या दिवशी

तीर्थस्वरूप माईस,

धाकट्या भावाचा, चिंतूचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा नमस्कार खुर्चीत बसूनच घातला आहे. तू मनातल्या मनात मला आडवं पाडून घे.) तुझा मोतीबिंदू काढला हे कळलं. आता एवढं बारीक अक्षर वाचता येत असेल तर ऑपरेशन यशस्वी झालं असं समज, आणि येत नसेल तर डॉक्टरांना हे पत्र दाखव. इकडे सगळे ठीक. सोहम सकाळी जातो, रात्री येतो, मध्ये पगार मिळवतो. सूनबाई हिमानी घरूनच ऑफिसचं काम करते, म्हणजे दिवसभर भिंतीशी इंग्रजीत भांडत असते. सांगलीचा उन्हाळा कसा आहे? इथला विचारू नकोस.

आता तुला वाटेल, चिंतूला पत्र लिहायला काय झालं, फोन नाही का? आहे. पण जे घडलं ते फोनवर सांगण्यासारखं नाही. माई, मी गेल्या महिन्यात अर्थमंत्री झालो. आणि त्याच संध्याकाळी पडलो. (जिन्यावरून नव्हे, सत्तेवरून. गुडघे जसे होते तसेच आहेत.)

झालं असं की आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन आला. दरवर्षी त्या दिवशी एक डॉक्टर येतो, साखर कमी खा म्हणून सांगतो आणि मग आम्ही जिलबी खातो. यंदा अध्यक्षांच्या मनात आलं की काहीतरी नवीन करू, आपण संसद भरवू. अध्यक्ष म्हणजे हरिचंद्र भोईर. तू त्याला ओळखतेस. पालेगावचा, माझ्या वर्गातला, आपल्या क्वार्टर्समध्ये वालाच्या शेंगा घेऊन यायचा तो. तेव्हा त्याच्या शेतात भात होता, आता तिथे चौदा मजले आहेत आणि त्यातल्या एका मजल्यावरून त्याला स्वतःची विहीर कुठे होती ते दिसत नाही, म्हणून तो इकडे बदलापूरला मुलीशेजारी येऊन राहिला. सभापती तो झाला, कारण घंटा त्याच्याकडे होती. विरोधी पक्षनेते चंदरशेठ झाले. हे उल्हासनगरचे सिंधी, कपड्यांच्या आणि बॅगांच्या दुकानात जन्म गेलेला, मराठी उत्तम बोलतात पण रागावले की हिंदीत जातात. आणि मी अर्थमंत्री, कारण माझ्याकडे ब्रीफकेस होती. देशातली मंत्रिमंडळं याहून वेगळ्या कारणांनी बनतात असं मला वाटत नाही.

अर्थसंकल्प म्हटल्यावर मला कोण आठवलं असेल ते तू ओळखलंच असशील. आपले नाना. फेब्रुवारीचा शेवटचा दिवस, संध्याकाळचे पाच. तिकडे दिल्लीत मंत्री उभे राहायचे आणि इकडे अंबरनाथला, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, नाना धुतलेला सदरा घालून पुढच्या खोलीत उभे राहायचे. आपण चटईवर. आई दाराच्या चौकटीत, हातात लाटणं. नाना घराचा वर्षाचा खर्च वाचून दाखवायचे, नवे कर जाहीर करायचे (अंघोळीला जो जास्त पाणी घेईल त्याने दुसऱ्या दिवशी पिंप भरायचं, हा कर मी एकट्यानेच किती वर्षं भरला!), आणि मग चष्मा काढून म्हणायचे, ‘आता सन्माननीय सदस्यांनी विचारावं.’ सन्माननीय सदस्य म्हणजे तू. मी फक्त आंब्यांना करमाफी आहे का एवढंच विचारायचो. तू मात्र उभी राहून प्रश्न विचारायचीस, कमरेवर हात ठेवून.

टेबलफॅनचा प्रश्न आठवतो? नानांनी तो बोनसमधून घेतला आणि आपल्या लिहायच्या टेबलावर ठेवला. तू विचारलंस, घरात सगळ्यात जास्त घाम कोणाला येतो? नाना सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसू लागले. आता कानाखाली बसणार असं वाटून मी चटईच्या टोकाकडे सरकलो होतो. पण ते म्हणाले, ‘सदस्यांच्या प्रश्नाला सरकारकडे उत्तर नाही,’ आणि तो पंखा स्वतः उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. पुढचं आईलाच ठाऊक. पंखा लावला की स्टो विझायचा, म्हणून तिने तो कधी लावला नाही. तो तिथे बंद उभा आणि नाना बाहेर वर्तमानपत्राने वारा घेत बसलेले. पण सभागृहाचा निर्णय त्यांनी फिरवला नाही. परवा अंबरनाथला बँकेत गेलो होतो तेव्हा रिक्षा मुद्दाम त्या बाजूने नेली. क्वार्टर्स नाहीत गं आता. पत्र्याचं कुंपण आहे, आणि आतल्या बाजूला आपलं बदामाचं झाड तेवढं दिसतं. ते आपलंच का, हे नक्की सांगता येत नाही, पण मी आपलंच धरून चाललो.

असो. भरकटलो. तर मी ठरवलं की माझा अर्थसंकल्प खोटा खोटा नसेल. संघाचाच खरा जमाखर्च मांडायचा, खरा खर्च सुचवायचा आणि खरा कर लावायचा. खर्च एकच, पण महत्त्वाचा. हॉलसाठी चांगला माइक आणि दोन स्पीकर. माई, आमच्याकडे दर बुधवारी व्याख्यान असतं. पहिल्या रांगेला निम्मं ऐकू येतं, दुसरीला हातवारे दिसतात आणि तिसरी झोपते. पहिल्या रांगेत कमळाबाई बसतात. एकट्या राहतात, मुलगा दुबईला. कुणी काही बोललं की मान डोलावतात, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की वाजवतात. त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, हे मला कितीतरी दिवस कळलंच नव्हतं. एकदा श्रद्धांजलीच्या सभेत कुणाच्या तरी हातून टाळी वाजली (डास होता) आणि त्या मनापासून टाळ्या वाजवू लागल्या, तेव्हा कळलं. त्यांच्यासाठी मला तो भोंगा हवा होता. आणि पैसे उभे करायला चहावर कर. कपामागे थोडासाच.

दिवस उजाडला. हॉल गच्च. मी सदरा इस्त्री करून, ब्रीफकेस घेऊन उभा राहिलो, सभापतींनी घंटा वाजवली, मी ब्रीफकेस उघडायला गेलो आणि ती उघडेना. आकडे जुळवायचं कुलूप, निवृत्तीनंतर हात लावलेला नव्हता. माझी जन्मतारीख लावली, सोहमची लावली, शेवटी स्वातंत्र्याचं सालसुद्धा लावून पाहिलं (चौथा आकडा मावत नाही हे नंतर लक्षात आलं). भाषण आत आणि मंत्री बाहेर. हरिचंद्र व्यासपीठावरूनच ओरडला, ‘चिंतूशेट, कोयता आनू काय?’ तेवढ्यात चंदरशेठ विरोधी बाकावरून उठले, म्हणाले, ‘साईं, अशा हजार बॅगा विकल्या मी. नंबर कोणी बदलत नाही,’ आणि तीन शून्यं लावून खटकन उघडून दिली. सरकारची तिजोरी विरोधी पक्षाने उघडल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. तिथेच माझा अर्धा दरारा गेला.

तरी भाषण बरं झालं. चहाच्या करापर्यंत. त्या वाक्याला जो गोंधळ झाला तो मी कारखान्याच्या संपातही पाहिला नव्हता. सभापतीच खुर्चीतून म्हणाला, ‘चाला हात लावाचा नाय. दुसरा काय बी लाव.’ (सभापतीने निःपक्ष असावं याची मी त्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, निःपक्षच हाय, पन चा घेतलेला हाय.) चंदरशेठ तर हिंदीवर गेले. ‘ये तो जुलूम है! चहासाठी तर येतो आम्ही. आणि भोंगा लावून ऐकायचं काय? तेच गुडघे, तीच सून, तीच पेन्शन. जे झोपतात त्यांना झोपू द्या ना!’ टाळ्या. मी उत्तर दिलं, की खर्च कुणासाठी आहे ते पाहा, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आहे. आणि मग चंदरशेठनी तो प्रश्न विचारला. आवाज खाली आणून, चांगल्या मराठीत. ‘मंत्रीसाहेब, ज्यांच्यासाठी करताय त्यांना तुम्ही विचारलंत का, त्यांना काय पाहिजे?’

माई, मी नव्हतं विचारलं. आकडे काढले, तीन दुकानं फिरलो, हिमानीकडून तक्ता करून घेतला, पण कमळाबाईंना विचारायचं सुचलं नाही. ‘समिती नेमू’ असं काहीतरी तोंडात आलं होतं. पण का कोण जाणे, मला नाना चष्मा काढून उभे असलेले दिसले. मी म्हणालो, ‘नाही विचारलं. सदस्यांचं बरोबर आहे.’ आणि व्यासपीठावरून उतरून त्यांच्यापुढे गेलो, वाकलो (वाकवलं) आणि मोठ्याने विचारलं, ‘कमळाबाई, तुम्हाला स्पीकर हवा आहे का?’ त्या प्रसन्न हसल्या आणि म्हणाल्या, ‘हो तर! गेल्या गणपतीत दुबईहून आला होता, आता दिवाळीला येईल.’

हॉल हसून फुटला. चंदरशेठ हसले, हरिचंद्र हसला, मीही हसलो. आणि सगळे हसतात म्हणून कमळाबाईही हसल्या, आमच्याकडे बघत, तोंडाला पदर लावून, काय विनोद झाला ते न कळता. हळूहळू मग हसणं थांबलं. सगळ्यात शेवटी चंदरशेठ थांबले आणि खाली बसले.

पण संसद म्हणजे संसद. मंत्र्याने मागितलेली रक्कम शंभर रुपयांनी कमी करावी, अशी सूचना त्यांनी आधीच दिली होती. तुला माहीतच असेल, अशी सूचना मंजूर झाली म्हणजे प्रश्न शंभर रुपयांचा राहत नाही. सभागृहाचा मंत्र्यावर विश्वास नाही असा अर्थ होतो आणि सरकार जातं. हरिचंद्रने हात वर करायला सांगितले. समसमान होत आले होते गं! भोंगा हवा असणारेही बरेच निघाले. एवढ्यात चंदरशेठनी, हात वर असतानाच, सहज पहिल्या रांगेकडे पाहिलं, कमळाबाईंना वाटलं ते आपल्याला नमस्कार करताहेत, आणि त्यांनी त्यांच्याकडे बघून हात हलवला. सभापतीने तो मोजला. एका मताने मी पडलो. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, त्यांच्याच मताने.

मी तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला. हरिचंद्रने तो वाचला, त्याच्यावर चहाचा कप ठेवला आणि म्हणाला, ‘तुझ्यासारखा बिनपगारी मानूस आमाला आनखी कुठं गावल? चल, चा घे. कर नाय लागला.’ घरी येताना चंदरशेठ बरोबर होते. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, त्यांच्या आईलाही शेवटी ऐकू येत नव्हतं. दुकानात गल्ल्यावर बसून असायची, गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी ‘हो, पक्का रंग आहे’ म्हणायची. मग ते आपल्या जिन्याकडे गेले.

आता गंमत ऐक. पुढच्याच बुधवारी हॉलवर खोकी येऊन पडली. माइक, दोन स्पीकर, वायरी, सगळं. देणाऱ्याने नाव कळवायचं नाही असं दुकानदाराला बजावलेलं. हरिचंद्रला संशय चंदरशेठचा, चंदरशेठना हरिचंद्रचा, आणि दोघेही नाही म्हणताना असे लाजतात की कुणालाही खरं वाटावं. स्पीकर नेमके कमळाबाईंच्या खुर्चीसमोर लावले. त्या दिवशी एक गृहस्थ ‘वार्धक्यातील आनंद’ यावर तासभर बोलले. कमळाबाई पहिल्यांदाच पुढे झुकून, शब्द न् शब्द ऐकत होत्या. संपल्यावर आम्ही सगळे त्यांच्याभोवती उभे. त्यांनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगंबाई! इतकी वर्षं हेच चाललं होतं होय?’

गेल्या बुधवारी त्या शेवटच्या रांगेत बसल्या. पण व्याख्यान संपल्यावर स्वतः उठून माइकपाशी आल्या आणि लग्नात नाव घेतात तसं त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं. लांबलचक, उखाण्यात. आवाज थेट तिसऱ्या रांगेपर्यंत गेला. तिसरी रांग जागी होती.

मुलांना अनेक आशीर्वाद. डोळ्यात औषध घालायला विसरू नकोस.

तुझा,
चिंतू

ता. क. सोहमचा रविवारी तुला फोन येईल. डोळ्यांची चौकशी करील आणि मग हळूच माझ्या कानाच्या यंत्राचं काढील. त्याने दिवाळीत मला त्यासाठी पैसे दिले होते, भारीतलं, कानात दिसत नाही तसलं घ्यायला. त्याला मी सांगितलं आहे की आत्याच्या ओळखीचे सांगलीला एक नामांकित डॉक्टर आहेत, त्यांच्याकडून मागवलं आहे, यायला वेळ लागतो. तेव्हा असे एक डॉक्टर आहेत एवढं तू फक्त म्हण. जमल्यास त्यांना एखादं आडनावही दे.

ता. क. २. स्पीकरांचा आवाज फारच चांगला आहे. मलासुद्धा ऐकू येतो. म्हणजे एका अर्थी पैसे कानावरच खर्च झाले. हे तुला पटणार नाही आणि तू कमरेवर हात ठेवशील, ते मला इथून दिसतं आहे. पण तोवर रविवारचं तेवढं सांभाळून घे.

ता. क. ३. उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर तू हळू बोललीस तर मला ऐकू येत नाही, आणि मोठ्याने बोललीस तर हिमानीला येतं.