यांच्या भाजीतलं मीठ

३ नोव्हें., सोमवार
गडचिरोलीहून बसनं परत. यांच्या डायलिसिसचा दुसरा महिना, सोमवार-गुरुवार. आहाराच्या मॅडमनं वही दिली, यांनी रोज काय खाल्लं ते लिहायचं. ती वही दवाखान्याची. ही माझी.
बटाटा सोलून पातळ चकत्या, दोन तास कोमट पाण्यात. ते पाणी फेकायचं. मग भरपूर पाण्यात उकळायचं, तेही फेकायचं. पालेभाजी तशीच. पोटॅशियम निघून जातं म्हणे, नाहीतर रक्तात साठून हृदय बंद पाडतं. टमाटर, केळी, लाखोळीच्या पाल्याची भाजी बंद. अंड्याचं पांढरं रोज दोन. मीठ चिमूटभर. पाणी दिवसाला एक लहान बाटली, चहा त्यातच धरून.
आईनं शिकवलं होतं, भाताचा मांडसुद्धा फेकू नये. आता सगळं मोरीत.

५ नोव्हें.
दोन घास खाऊन ताट सारलं. म्हणाले, "ब्रश धुतलेलं पाणी बरं लागन याच्याहून."
नाटक मंडळाचे दोघं आले होते. सीझन सुरू झाला. तीस वर्षं त्यांचे पडदे यांनी रंगवले, महाल, जंगल, नदीचा घाट. यंदा आमच्या वडश्यातलाच दुसरा कोणी रंगवतोय. हे हसून बोलले. ते गेल्यावर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

७ नोव्हें.
लसूण दुप्पट केला. जिरं भाजून, वरून चार थेंब लिंबू. लिंबानं जीभ थोडी फसते. थोडीच.
काल दवाखान्यात वजन केलं. दोन किलो गेलं, अन् ते पाण्याचं नाही, अंगाचं. मॅडम रागावल्या. "काकू, ते जेवले पाहिजेत."
कसं जेवतील.

९ नोव्हें., रवि.
शेजारच्या लताबाईंनी सांगितलं, "कमी सोडियमचं मीठ भेटते दुकानात. माह्या बीपीले डॉक्टरनंच देल्लं. चव तेच."
आणलं. वांग्याच्या भाजीत पहिल्यासारखं टाकलं. यांनी दोनदा मागून घेतली. कितीतरी दिवसांनी मी ताटाकडं बघत बसले.
दवाखान्याच्या वहीत लिहिलं, मीठ चिमूटभर. हे काही ते मीठ नव्हे ना.

१२ नोव्हें.
चार दिवस नीट जेवण. काल डाळीतही, अंड्यातही तेच मीठ. म्हणाले, "आता आला तुह्या हाताले गुण." दुपारी बोलले, एक छोटा पडदा घरीच रंगवतो.
संध्याकाळी पाय जड वाटतात म्हणाले. मी तेल लावून दिलं.

१३ नोव्हें., गुरु.
सकाळी उठताच येईना. पाय उचलेनात, नाडी हळू. बस सोडून गाडी केली. दवाखान्यात छातीला तारा लावल्या, इंजेक्शन, लगेच मशीनवर घेतलं. पोटॅशियम खूप वाढलं होतं.
डॉक्टर विचारत होते, "काका, काय चोरून खाल्लं?"
हे म्हणाले, "काई नाई खाल्लं, साहेब."
आमची लेक वर्षा वडश्यातच असते, ती मागोमाग धावत आली. "बाबा, टमाटर खाल्ले ना? खरं सांगा."
"नाई गं माय."
कोणालाच पटलं नाही. वही पाहिली, वही बरोबर होती. मी पायथ्याशी उभी होते. तेव्हा मलाही वाटलं, खाल्लं असेल काही.

१५ नोव्हें.
घरी आणलं.
काल मॅडम शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या, "ते कमी सोडियमचं मीठ आणू नका. सोडियम काढून त्यात पोटॅशियमच घालतात. किडनीवाल्याला जिवावर बेतेल."
मी खाली बसले. मॅडमनं विचारलं, "काकू, चक्कर आली का?" मी हो म्हटलं.
घरी पाकीट पाहिलं. मागं बारीक अक्षरात लिहिलंय. मला वाचता येतं. वाचलं नव्हतं.

१८ नोव्हें.
वर्षा दोन वेळा येते. आमच्या घरातले टमाटर, केळी सगळं उचलून नेलं. फळीच्या डब्यांत हात घालून बघते. मला म्हणाली, "आई, तू लय सैल सोडतं बाबाले."
हे चौकापर्यंत जाऊ का म्हणून लेकीला विचारत होते. तिनं नाही म्हटलं. टपरीवर काही खातील म्हणून.
पाकीट मी चुलीत घातलं. तिला ते दिसायला हवं होतं, खरं तर.

२१ नोव्हें.
समोर ताट ठेवलं की आधी दाराकडं बघतात, कोणी बघतंय का. काल अंडं तसंच परत दिलं. "नको. पुन्हा म्हणान चोरून खाल्लं."
मी म्हटलं, "मी नाही म्हणत."
"तू तं काईच नाई बोलून राह्यली."

२४ नोव्हें., सोमवार
वजन आणखी एक किलो कमी. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते. आरमोरी मागं गेल्यावर म्हणाले, "खाल्लं असन मी."
"काय?"
"टमाटर, नाईतं केळं. सारे म्हणून राह्यले तं खाल्लं असन. लय आठवतो, याद नाई येत. या बिमारीत डोस्कं बी जाते काय? तू पाह्यलं असन तं सांग."
"नाही पाहिलं," म्हटलं. एवढंच. शेजारी माणसं होती. माणसं नसती तरी.
घरी आल्यावर त्यांनी वर्षाला आपणहून सांगितलं, "चूक झाली बाई माह्यी." तिनं डोक्यावरून हात फिरवला. मी आत कणीक मळत होते.
उद्या सकाळी आठला ती परत येते. त्याच्या आधी यांना मिठाचं सांगायचं. ती आल्यावर मग तिलाही.