पिंपळपानाची खाच

मंगळवार, संध्याकाळ

राग अजून उतरला नाही. विहारातल्या टेबलाच्या कापडावर हिरव्या कापडातून कापलेलं पिंपळाचं पान शिवून राहिले होते. देठापाशी आत गेलेली खाच सगळ्यात अवघड. खुणेच्या दोन धागे अलीकडंच कापायचं, मग सुईनं कड आत वळवायची. चहा ठेवायला उठले, तेवढ्यात मोठ्या जाऊबाईंनी खुणेच्या पलीकडं कापून ठेवलं! धागे सुटले. खाच चारदा शिवली, चारदा उसवली. काहून हात लावला म्हटलं, तर म्हणतात, "रडती काय? वरून कापडाचा देठ लाव, झाकून जाईल."

देठ मी दोऱ्यानं भरणार होते!

शेवटी कापडाचाच लावला. खाच झाकली. चीड याचीच, की पान आता जास्त देखणं दिसतंय. विहारात कुणी विचारलं, तर देठ मलाच सुचला म्हणीन.