उरलेल्या रोस्टचं सुकं

अब्बा, काल आमच्याकडे यांच्या ऑफिसातली माणसं जेवायला होती. मी बीफचा मोठा तुकडा आणून रोस्ट केलं होतं, त्यातलं अर्धं उरलं. आज सकाळी फ्रिज उघडला आणि फॉइलमध्ये गुंडाळलेला तो थंड, घट्ट तुकडा हाताला लागला. ओट्यावर ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिले. मुलगी मागून विचारत होती, "मम्मा, व्हॉट्स फॉर लंच?" तिला काय सांगणार? तिनं तुम्हाला पाहिलेलं नाही. जेद्दातल्याच एका स्वयंपाकघरात तिचे आजोबा दर शुक्रवारी असाच तुकडा पुढ्यात घेऊन उभे राहायचे, हे तिच्या डोळ्यांसमोर उभं कसं करायचं, मला कळत नाही. म्हणून तुमच्याशीच बोलते आहे.

तुम्ही हॉस्पिटलच्या डॉक्टर मेसमध्ये कुक होतात. गुरुवारी दुपारी बाहेरदेशच्या डॉक्टरांसाठी रोस्ट असायचं. कापून मांडलेलं उरलं तर ते टाकून द्यायचा नियम होता, पण सुरी न लागलेला तुकडा कामगारांनी घरी न्यायला कुणाची हरकत नसे. तुम्ही तो घेऊन यायचात, सोबत डब्यात ट्रेच्या तळाला गोठलेला रस. शुक्रवारी नमाजहून आलात की तुम्ही लुंगी नेसून ओट्याशी. आठवडाभर दुसऱ्यांसाठी रांधणारा माणूस सुट्टीच्या दिवशी पुन्हा चुलीशी का जातो, असं अम्मी म्हणायची, पण बाजूला व्हायची. पहिल्या दिवशी पातळ काप, खुबूसच्या रोटीत कांदा आणि लिंबू घालून. दुसऱ्या दिवशी सुकं, म्हणजे कांदा लाल करायचा, भाजलेलं खोबरं, गावाहून आलेला मसाला, दोन आमसुलं, आणि मांस अगदी शेवटी. तिसऱ्या दिवशी जे काही उरेल ते बारीक चेचून बटाट्यात मळायचं आणि शिळ्या पावाच्या चुऱ्यात घोळवून पॅटिस तळायचे. "हे एकदा शिजलंय," तुम्ही मला सांगायचात, "आता त्याला नुसतं गरम करायचं. पुन्हा शिजवायला गेलीस तर रुसतं." मांसाचे धागे कुठल्या बाजूला जातात ते माझं बोट धरून दाखवायचात आणि आडवं कापायला लावायचात. मी कंटाळायचे. मला मैत्रिणींकडचा पिझ्झा हवा असायचा.

मग ते वर्ष आलं. कंपन्यांना सरकारकडून रंग मिळायला लागले. कामावर सौदी माणसं पुरेशी असली तर हिरवा, कमी पडली तर पिवळा, नाहीतर लाल. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मोठी माणसं दुसरं काही बोलतच नव्हती. तुमच्या मेसचं काम ज्या कंपनीकडे होतं ती पिवळ्यात गेली आणि एक दिवस तुम्ही जेवताना सहज सांगितल्यासारखं सांगितलंत की एक सौदी माणूस आलाय, त्याला काम शिकवायचं आहे. अम्मीचा हात भाकरीवरच थांबला. "आणि तो शिकला की?" तिनं विचारलं. तुम्ही म्हणालात, "भाकरी करपेल."

तो तुमच्याच वयाचा होता. ताइफला भाजीचा टेम्पो चालवायचा, पाठीच्या दुखण्यानं ते सुटलं. त्यानं कधी अंडंसुद्धा फोडलेलं नव्हतं. तुम्ही घरी येऊन सांगायचात की आज त्यानं कांदा कापला, आज बोट कापलं, आज भात लागला. त्यात चेष्टा नसायची. तो तुम्हाला मुअल्लिम म्हणायचा, इकडे उस्तादाला म्हणतात तसं. एका शुक्रवारी तो आमच्या घरी आला. हातात ताइफच्या डाळिंबांची पेटी, अंगात पायघोळ पांढरा थोब, आणि आमच्या त्या अरुंद स्वयंपाकघरात आपला उंच देह कुठे ठेवावा ते त्याला समजत नव्हतं. त्याची बायको वारली होती. घरी पोरं होती, आणि बाहेरची कोंबडी खाऊन ती विटली होती. मेसमधून तोही रोस्टचा तुकडा घरी न्यायचा, पण पुढे त्याचं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

ती दुपार मला अजून दिसते. तुम्ही त्याच्या बाह्या वर दुमडून देताय. तो कांदा परततोय, घाम कपाळावरून भुवयांत उतरतोय. अम्मी पडद्याआडून सांगते, "मांस घातल्यावर जास्त परतू नका म्हणावं, चामडं होईल." तुम्ही ते तुमच्या मोडक्या अरबीत त्याला सांगता, तो पडद्याकडे न बघता मान हलवतो, "हाजिर, बहन, हाजिर." आमसूल तोंडात टाकून तो असं तोंड करतो की तुम्ही हसता. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसले आहे आणि एक अक्षर वाचत नाहीये.

तो गेल्यावर मी बोललेच. "तुमच्या जागेवर बसणाऱ्याला तुम्ही घरी आणून शिकवताय. उद्या आपल्याला कोण विचारणार आहे?" तुम्ही भांडी विसळत होतात. नळ बंद केलात, हात पुसलेत. मला वाटलं, ओरडाल. "तो माझी जागा घेत नाहीये," तुम्ही म्हणालात. "त्याला ती दिलीय. तिथे नाही बसला तर त्याची पोरं काय खातील?" मी म्हटलं, "आणि आम्ही?" तुम्ही फडकं खुंटीला अडकवलंत. मग म्हणालात, "जेवणाबद्दल विचारायला आलेल्या माणसाला नाही म्हणायला मला कुणी शिकवलं नाही. तू पण शिकू नकोस." एवढंच. पण पुढचे किती तरी दिवस तुम्ही माझ्याशी कमी बोललात. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

माझी दहावीची परीक्षा होईस्तोवर कंपनीनं तुम्हाला ठेवलं, हे खरं. मग फायनल एक्झिट, म्हणजे व्हिसा संपवून कायमचं परत. घर रिकामं होत गेलं. सोफा गेला, कपाट गेलं, शेवटच्या सकाळी फ्रिज न्यायला माणूस येणार होता. फ्रीझरमध्ये एक तुकडा उरलेला होता. तुम्ही पहाटेच उठून त्याचे पॅटिस केलेत, कारण टाकायचा कसा, आणि जमिनीवर उकिडवे बसून ते एकेक करून फॉइलमध्ये गुंडाळलेत. विमानतळावर आम्ही ते बाकावर बसून खाल्ले. तुम्ही खाल्ले नाहीत. पोट बरं नाही म्हणालात. तो तुम्हाला सोडायला आला होता. काचेपलीकडून त्याचा थोब बराच वेळ दिसत होता आणि तुम्ही एकदाच हात वर केलात.

गावी परतल्यावर तुमचं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. दापोलीच्या एका हॉटेलात थोडे दिवस गेलात. तिथल्या पोरसवदा मालकाला पंजाबी भाज्या हव्या होत्या, आणि तुमचे गुडघे दिवसभर उभं राहू देईनात. नंतर घरीच. अम्मीनं मोजून केलेला भात, मोजून आणलेले बांगडे. आमच्या घरात काही उरेनासंच झालं. शुक्रवारी नमाजहून आलात की तुम्ही सवयीनं ओट्यापाशी जायचात, एखादं झाकण उचलून बघायचात आणि परत ठेवायचात. अम्मी ते बघून माजघरात निघून जायची. मी मुंबईला लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते. फोनवर तुम्ही मला फक्त जेवलीस का आणि काय जेवलीस एवढंच विचारायचात. मी एका शब्दात सांगून मोकळी व्हायचे. एका दुपारी जोहरच्या नमाजनंतर तुम्ही जरा पडतो म्हणालात आणि उठला नाहीत. मी पोचले तेव्हा माती झाली होती. ओली माती, वर कुणीतरी ठेवलेली सब्जाची फांदी. तुमचा चेहरा मी पाहिला नाही, त्यामुळे मला अजूनही तुम्ही आठवता ते लुंगी नेसलेले, ओट्याशी पाठमोरे.

लग्न होऊन मी पुन्हा जेद्दालाच येईन असं कुणाला वाटलं होतं? यांची नोकरी इथली. आल्यावर बरेच दिवस मी त्या हॉस्पिटलच्या रस्त्यानं जाणं टाळलं. गेल्या वर्षी मुद्दाम गेले. मेसच्या दाराशी उभं राहून तुमचं नाव सांगितलं. आतून तो आला. दाढी पांढरी, कमरेला ॲप्रन. सगळं किचन आता तोच बघतो. माझ्याकडे बघत राहिला आणि मग एकदम म्हणाला, "मुअल्लिमची मुलगी." आणि लगेच, "कसे आहेत ते? गुडघे कसे आहेत?"

अब्बा, मी सांगणार होते. त्यासाठीच गेले होते. पण तो इतका आनंदला होता, हात ॲप्रनला पुसत होता, पुसतच होता. मी म्हटलं, "बरे आहेत." तो म्हणाला, "हल्ली काय रांधतात?" मी म्हटलं, "मासे जास्त करतात."

मागच्या शुक्रवारी त्यानं आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं. त्याची मुलं मोठी झालीत, थोरल्याचं लग्न झालंय. बायकांच्या खोलीत जमिनीवर जेवणाचा सुफरा पसरला होता. सुनेनं भाताचं मोठं ताट आणून ठेवलं आणि त्यावर आपलं सुकं. खोबरं होतं, कांदा तितकाच लाल. आमसुलाच्या जागी सुकं लिंबू. मी विचारलं, "हे काय?" सून म्हणाली, "सुक्का. ताइफकडचं आहे, आमच्या घरातलं जुनं." सासऱ्यानं ते पलीकडच्या खोलीतून ऐकलं. तो तिथूनच मोठ्यानं म्हणाला, "ताइफचं नाही. ते हिंदचं आहे, मुअल्लिमचं. तुझ्या नवऱ्याला मी त्यावर वाढवलंय." मांस आडवं कापलेलं होतं, अब्बा. मऊ होतं. मी मान खाली घालून जेवत राहिले आणि मुलीनं न सांगता दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

जेवण झाल्यावर त्यानं पलीकडच्या खोलीत दुआ केली. मधलं दार उघडं होतं. घरातल्यांसाठी, आमच्यासाठी, आणि मग तुमचं नाव घेऊन, अल्लाह त्यांना तब्येत देवो, लांब आयुष्य देवो. सगळे आमीन म्हणाले. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला माहीत आहे.

मीही आमीन म्हटलं.