मधला ठिपका

आई,

तुला वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. संत्र्याच्या साली वाळल्या का? आणि तुझा खोकला?

आता तुझ्या भावाचं ऐक. कुआनमामा काल मकावला आला आणि कॅसिनोत नेमका माझ्याच टेबलावर येऊन बसला. पत्ते वाटताना आम्ही कुणाला ओळख दाखवायची नसते, हे त्याला किती वेळा सांगायचं?

खेळ अगदी सोपा आहे गं. बेरीज नऊच्या जवळ ज्याची, तो जिंकला. दहा झाली की शून्य. डोकं चालवायला जागाच नाही. दोन पत्त्यांत बँकरचे, म्हणजे समोरच्या बाजूचे, सात होते, मामाचे तीन. तिसरा पत्ता तो कडेने हळूहळू दुमडत उघडायला लागला. कडेला तीन ठिपके दिसले, म्हणजे छक्की, सत्ती नाहीतर अठ्ठी. त्याला छक्कीच हवी होती, तिच्यात मधे ठिपका नसतो. मग मधला ठिपका उडून जावा म्हणून फुंकरा मारत बसला. इथे सगळेच मारतात, पण हा मला म्हणतो, "बघतेस काय नुसती? तूही फुंक. मामा आहे मी तुझा."

मी दगडासारखी उभी. सत्ती निघाली. तीन नि सात दहा, म्हणजे शून्य.

"भाचीनेच बुडवलं," असं आता गावभर सांगत फिरेल. फिरू दे.

पण नववर्षाला बाबांना घेऊन येतो म्हणालाय. गुडघ्याचं निमित्त काढ, काहीही कर, त्यांना घरीच ठेव. ते समोर पत्ता धरून बसले, तर मला दगड होता येणार नाही. फुंकर निघेल, आणि नोकरी जाईल.

तुझी,
सिउलान