डब्यातले चार तुकडे

२ फेब्रु., रवि.
आज चर्चमध्ये प्रभुभोजन, येशूच्या आठवणीचं. गव्हाची भाकर पाळकीणबाईंनी भाजलेली, द्राक्षरस आईने गाळलेला. मी दोन्ही टेबलावर मांडलं, पांढरं फडकं घातलं आणि दोन पायऱ्या उतरून खाली आले. नेहमीसारखंच. भास्करकाका पंचांच्या बाकावरून म्हणाले, "टेबल मांडावं तर रूथनंच!" कौतुकच होतं ते.
पाळक होण्याच्या दीक्षेचा माझा अर्ज पंचांच्या कमिटीपुढे २३ ला. आपल्या मंडळीत आजवर एकाही बाईला दीक्षा नाही. नियमात मनाई नाही, असं पाळकसाहेब स्वतः म्हणतात. मग दिली का नाही? "कुणी मागितलीच नाही," म्हणे.
मी मागितली आहे.

६ फेब्रु., गुरु.
हरसूलकडून, आमच्या पाड्यावरून यशवंतमामांचा फोन. जाईआजीने, साऱ्या पाड्याच्या आजीने, अंथरूण धरलंय. तिला प्रभुभोजन हवंय. मला प्रार्थना तिने शिकवली. अक्षरओळख नाही, पण निम्मी स्तोत्रं पाठ.
साहेबांची कंबर धरलीय, घाट झेपणार नाही. ते इथेच प्रार्थना करून भाकर मोडून देतील, मी न्यायची. "फक्त पोचवायचं, रूथ. स्वतः काही करायचं नाही. भाकर मोडणं दीक्षा झालेल्या पाळकाचंच काम. शब्द दे."
दिला.

९ फेब्रु., रवि.
नीट लिहिते.
उपासना झाल्यावर दुपारची बस. स्टीलच्या डब्यात चार तुकडे: आजी, यशवंतमामा, मामी, मी. बाटलीत द्राक्षरस. मांडीवरून डबा खाली ठेवला नाही.
आजीच्या अंगणात पाहते तो पंचवीसेक माणसं! बाया डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. आठ महिन्यांत इथे प्रभुभोजन झालेलं नाही. मामांनी पाडाभर सांगितलेलं, रूथ घेऊन येतेय.
मी मामांना बाजूला घेऊन म्हटलं, डब्यात चारच आहेत. आजीने आतून ऐकलं.
"हे सगळे उपाशी आन् म्या एकलीनं खाऊ? नाय जमायचं."
"आजी, तुझ्यासाठीच आणलंय गं."
"मग झाकून ठेव."
मामीने चुलीवरची नागलीची भाकरी आणून माझ्यासमोर ठेवली. साहेबांना दिलेला शब्द आठवला. खरंच आठवला, विसरले असं म्हणणार नाही.
आजी म्हणाली, "तुला येतं ना सगळं? इतकी शिकलीस ती कशापायी?"
भाकरी हातात घेतली. उपकारस्तुती केली. मोडली. गरम होती, बोटं भाजली. शब्द कधीचे पाठ आहेत, पण मोठ्याने आज पहिल्यांदा. द्राक्षरस एकेक घोट सगळ्यांना पुरला. डब्यातला एक तुकडा आजीला आधी दिला, मग तिने भाकरीचाही मागून घेतला.

१० फेब्रु., सोम.
सकाळीच साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.
"सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं."
"म्हणून तर सांगितलं."
"कमिटीला कळवावं लागेल मला."
"हो."
चिडले असते तर बरं झालं असतं.

२३ फेब्रु., रवि.
कमिटी. दोन तास. भास्करकाका: "नागलीची भाकरी! उद्या वडापाव मोडशील!" सगळे हसले. मलाही हसू आलं, मग राग आला स्वतःचा.
मी म्हटलं, "काका, पाड्यावर गहू पिकत नाही."
ठरलं ते असं: चूक झाली, पुन्हा होणार नाही, असं लिहून द्यायचं. मग नाव पुढे पाठवतील. नाहीतर अर्ज इथेच राहील. मुदत पुढच्या रविवारपर्यंत.
साहेब पूर्ण वेळ खाली बघत होते.

२५ फेब्रु., मंगळ.
आई: "चार ओळीच आहेत ना? दे लिहून. माफी मागितल्यानं काय झिजतं?"
आई पंधरा वर्षं दिंडोरीला द्राक्षाच्या बागांत कामाला होती. किती मुकादमांची माफी मागितली असेल, म्हणून मी बी.ए. झाले आणि पुढे बायबल कॉलेजात गेले. तिला उलट काय बोलायचं?
लिहायला बसले. "चूक झाली" इथे पेन थांबलं. कुठली चूक? साहेबांना दिलेला शब्द पाळला नाही, ही. त्याची माफी मनापासून. पण त्या अंगणात उठून "घरी जा" म्हणाले असते तर...

२८ फेब्रु., शुक्र.
पत्र झालं. शब्द पाळला नाही त्याची माफी मागितली. भाकरी दिली त्याची नाही. पुन्हा होणार नाही, हेही लिहिलं नाही, कारण ते खरं ठरेल की नाही मला माहीत नाही.
आईला वाचून दाखवलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "'एक आजारी भगिनी' काय? नाव लिही तिचं. जाईबाई."
लिहिलं. पुन्हा स्वच्छ कागदावर उतरवलं.

२ मार्च, रवि.
उपासनेआधी पत्र साहेबांना दिलं. त्यांनी पायरीवर उभ्या उभ्या वाचलं.
"हे असंच देणार आहेस?"
"हो."
"भास्करराव ऐकणार नाहीत."
"माहीत आहे."
पत्र त्यांनी आपल्या बायबलात ठेवलं. कमिटी १६ ला. ते तिथे काय बोलतील, विचारलं नाही. मग टेबल मांडलं, फडकं घातलं, दोन पायऱ्या उतरले.
संध्याकाळी मामांचा फोन. आजी दोन घास जास्त खाते आता, तोंड सुरू झालंय. "रूथ, येत्या आयतवारी येशील ना? साहेबांनाबी आण, गाडी करू. नाय जमलं तर तू ये."
किती जण असतील, विचारलं.
मागून आजीचा आवाज: "ते काय इचारती? भाकऱ्या आम्ही थापू. तिला म्हणावं, तू ये."
साहेबांना उद्या विचारते. बसची वेळ मात्र पाहून ठेवली आहे.