झोपण्यापूर्वी बटण बंद

४ मार्च
परदेशात लेकीकडे पोचलो! लेक दारातच उभी. नववा लागलाय, तरी आमची बॅग उचलायला धावली — ओरडलोच तिच्यावर.

इथले प्लग पाहिले आणि थक्क झालो. प्रत्येक प्लगच्या पोटात त्याचा स्वतःचा फ्यूज! चाळीस वर्षं वायरमनकी केली, पण हे डोकं ज्यानं चालवलं त्याचे पाय धरावेत. जावयाला एक उघडून दाखवला. "बाबा, रोज वापरतो, पण आत कधी पाहिलंच नव्हतं!"

५ मार्च
बायकोच्या कानाच्या मशीनचं चार्जिंग माझ्या हातानं लावून दिलं. नातवंडाचा पहिला आवाज ऐकायचा म्हणून तर निघण्याआधी हे मशीन घेतलं. चार्जरवर बारीक अक्षरांत लिहिलंय — शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट. म्हणजे कुठल्याही देशात न्या, बिचारा कुरकुर करणार नाही! अडॅप्टर जावयानं चांगला जाडजूड आणून ठेवलेला. दहा मिनिटांनी हात लावून पाहिला, थंडगार.

"बाबा असल्यावर घराला काळजी नाही," म्हणाला. छाती फुगली. खोटं कशाला लिहू?

६ मार्च
मीटरजवळ एक स्विच आहे. कुणाला शॉक बसलाच तर माणूस दगावायच्या आत वीज तोडतो! जावयानं टेस्टचं बटण दाबलं — टक! अख्खं घर बंद. मी तीनदा दाबायला लावलं. लेक आतून ओरडली, "बाबा, माझं वॉशिंग मशीन!"

आमच्या वेळी हे असतं तर माझा कामावरचा जोडीदार आज असता. त्याला शिडीवरून मीच खाली उतरवलं होतं. तेव्हापासूनचा माझा नेम — झोपण्यापूर्वी खोलीतली सगळी बटणं बंद. इथंही एक रात्र चुकवलेली नाही.

८ मार्च
ही हल्ली भांडतच नाही. काहीही बोला, गोड हसून मान डोलावते. परदेशची हवा मानवली म्हणायची!

९ मार्च
मुलगी!!

जावई आत, आम्ही दोघं दाराबाहेर. आणि आतून रडणं ऐकू आलं. केवढासा जीव आणि काय तो दम! सर्रकन काटा आला अंगावर. जन्मभर विजेशी खेळलो, पण असा झटका कधी बसला नव्हता. मी तिथंच लहान पोरासारखा रडलो. हिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हिच्याही डोळ्यांना धार लागली.

११ मार्च
लेक घरी आली. आईला हाक मारली. पुन्हा मारली. मग मशीन हातात घेऊन पाहिलं. "बाबा, हे तर पार उतरलंय! रात्री चार्ज होत नाही का?"

बटण! आमच्या घरी ही दुपारी आडवी व्हायची तेव्हा चार्जिंग लावायची. इथं कामाच्या गडबडीत झोपताना लावते. आणि मागून मी बटण बंद करतो.

हिला वाटलं, इथल्या विजेवर माझ्याच हातून मशीन जळलं. म्हणून चकार शब्द काढला नाही. "जावयासमोर तुमची मान खाली गेली असती."

१२ मार्च
मशीन चालू आहे. बाळ झोपलंय. ही हळूच शेजारी येऊन बसली.

"पहिल्यांदा रडली ना, तो आवाज कसा होता हो?"