राखणदाराचं खातं

३ एप्रिल
आले एकदाची रत्नागिरीत! पहिली नोकरी, तीही आमरसाच्या शीतगृहात. देवरूखच्या मैत्रिणी जळून खाक होणार. कातळावरची इमारत, मागे हापूसची कलमं आणि माझ्या केबिनला चक्क खिडकी! लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर आमरसाच्या थंड कोठ्यांचं तापमान आणि दारं सांभाळतो, आणि मी त्याला सांभाळायचं. कोठ्यांच्या प्रमुख दर्शनाताई. त्यांनी आल्याआल्या घावणं खाऊ घातली. बाई लाख मोलाची आहे.

५ एप्रिल
सर्व्हर बघून कपाळाला हात लावला. इथे जो तो ॲडमिन! खरं तर साध्या माणसाला त्याच्याच पासवर्डवर, एखाद्या कामापुरता मोठा अधिकार उसना देता येतो, आणि कोणी काय केलं त्याची नोंदही राहते. इथे मात्र कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना सगळं मोकळं. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय! मी सगळ्यांचे अधिकार काढले. सध्या फक्त माझे आहेत. निदान दारं उघडण्याचा तरी अधिकार ठेव, असं दर्शनाताई म्हणाल्या. नियमांच्या फाईलमध्ये एक चूक झाली तर माझ्यासकट सगळेच अडकू, म्हणून नीट तपासून देते म्हटलं.

७ एप्रिल
आज ‘राखणदार’ नावाचं खातं सापडलं. पूर्ण अधिकार आणि पासवर्ड नाही! ताईंनी सांगितलं, की दोन नंबरची कोठी बांधताना राखणदाराचा, म्हणजे ही जागा राखणाऱ्या देवाचा, दगड हलवला आणि तेव्हापासून एक काम धड होईना. शेवटी गाऱ्हाणं घातलं आणि जागेचा मान म्हणून त्याला हे खातं दिलं. “अगो बाय, त्याचा मान काढू नको,” एवढंच म्हणाल्या. मला हसू आवरेना. पासवर्ड देवालासुद्धा लागतो म्हटलं आणि खातं पुसून टाकलं. ताई माझ्याकडे न बघताच कोठ्यांकडे निघून गेल्या. वाईट वाटलं.

८ एप्रिल
सर्व्हरच्या नोंदींत एक ओळ आहे: राखणदार, दार दोन, परवानगी नाही.
पुसलेलं खातं कोठी दोनचं दार उघडायची परवानगी मागतंय? कुणाचा तरी चावटपणा, दुसरं काय. सगळ्यांना विचारलं, सगळे कानांवर हात ठेवतात. ताईंनी राखणदाराला ठेवायला नारळ आणायला सांगितला. मी नाही आणला.

९ एप्रिल
आज ओळ बदलली: मृणाली, दार दोन, परवानगी आहे.
मृणाली म्हणजे मी. आणि मी तेव्हा कँटीनमध्ये ताईंच्या समोर जेवत होते! लगेच पासवर्ड बदलला, तरी पुन्हा तेच. कोणीतरी माझ्या नावाने वावरतंय. भीती वाटतेय, खूप वाटतेय. उद्या आल्याआल्या आधी ताईंना दाराचा अधिकार, मग राखणदाराचं खातं त्याला परत.

१० एप्रिल
फोनवर लिहितेय. सकाळी कोठी दोनचं दार सताड उघडं होतं. ताईंना बाहेर थांबवून बघायला आत आले — दार लागलं. आतली मूठ नुसतीच गरगर फिरते. फोनला रेंज नाही. दाराजवळच्या छोट्या पडद्यावर नोंदी दिसतात.
मृणाली, दार दोन, बंद.
ताई बाहेरून धडपडतायत — दर्शना, दार दोन, परवानगी नाही. पुन्हा. पुन्हा. मीच केलेला नियम. दोन मिनिटांचं काम होतं ते, का नाही केलं मी —

१० एप्रिल, अजून आतच
बोटं नीट वळत नाहीत. ओरडून घसा बसला. गाऱ्हाणं घातलं, येईल तसं — चुकले, मान परत देते — पण देऊ कशी? अधिकार आता बाहेरच्या मृणालीकडे —

पडद्यावर आलं — मृणालीने दर्शनाला अधिकार दिला! देवा! दर्शना, दार दोन, उघडं —

दार उघडलं. ताई दारात. मी त्यांना दिसतच नाही. माझे पाय उचलवत नाहीत — ताईंच्या मागे कोण? माझाच ड्रेस. माझाच चेहरा. ताई मागे वळल्या — तिलाच मिठी, रडतायत, सुटलीस गो बाय म्हणतायत — ताई, मी इथे, आत — आवाज फुटत नाही — ती माझ्याकडे बघून हसली. ताईंना म्हणाली, आत गारठा आहे, दार लावून घ्या — ताई नका — ताईंनी दाराच्या बटणाला हात ला